नालासोपाऱ्याच्या टेकाडात सापडलेलं चांदीचं नाणं आणि ते वाचणारा माणूस : पंडित भगवानलाल इंद्रजी

मेटल डिटेक्टर आज ऑनलाइन मागवता येतो. जमिनीवरून फिरवला की खाली धातू असेल तर आवाज करतो. एखादं जुनं नाणं सापडल्याचा व्हिडिओ टाकला की लाखो लोक बघतात. नवी मुंबईसारख्या भागात तर पायाचं खोदकाम बारा महिने चालू असतं. उलवे, खारघर, पनवेल इथे डोंगर सपाट होतात, खाडीत भराव पडतो. अशा मातीत एखादं जुनं चांदीचं नाणं निघालं, तर पहिला प्रश्न येतो तो त्याच्या किमतीचा.

पण याच मुंबईच्या परिसरात सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी एक माणूस असा होता, की त्याच्या हातात नाणं पडलं की तो आधी त्यावरची अक्षरं वाचायचा. मग ते कुठे मिळालं, कशासोबत मिळालं, हे बघायचा. त्याच्याकडे डिटेक्टर नव्हता, विद्यापीठाची पदवी नव्हती. त्याला इंग्रजीत निबंध लिहिता येत नव्हता. तरीही पश्चिम भारतावर साडेतीनशे वर्षं राज्य करणाऱ्या एका घराण्याचा इतिहास त्याने नखाएवढ्या चांदीच्या नाण्यांवरून उभा केला.

त्यांचं नाव पंडित भगवानलाल इंद्रजी.

गिरनारच्या पायथ्याचा मुलगा

भगवानलाल यांचा जन्म १८३९ साली जुनागढला, प्रश्नोरा नागर ब्राह्मण कुटुंबात झाला. संस्कृतचं शिक्षण घरीच मिळालं. इंग्रजी शाळेशी फारसा संबंध आला नाही.

पण जुनागढमध्ये एक अशी गोष्ट होती जी दुसऱ्या कुठल्या शाळेत मिळाली नसती. गावाबाहेर गिरनारच्या वाटेवर एक भलामोठा खडक आहे. त्या एकाच खडकावर तीन काळांतले लेख कोरलेले आहेत. सम्राट अशोकाच्या चौदा धर्माज्ञा, इसवी सन १५० च्या सुमाराचा महाक्षत्रप रुद्रदामन याचा लेख आणि पाचव्या शतकातला गुप्त सम्राट स्कंदगुप्त याच्या काळातला लेख. रुद्रदामन आणि स्कंदगुप्त यांच्या लेखांत एकाच सुदर्शन तलावाच्या दुरुस्तीची हकीकत आहे.

गावातल्या लोकांसाठी तो नुसता अक्षरं असलेला दगड होता. ती अक्षरं वाचायची किल्ली जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ मध्ये शोधून काढली होती, म्हणजे भगवानलाल यांच्या जन्माच्या जेमतेम दोन वर्षं आधी. प्रिन्सेपने लावलेल्या ब्राह्मी लिपीचा तक्ता तरुण भगवानलाल यांच्या हाती आला आणि त्यांनी खडकासमोर बसून एकेक अक्षर लावायला सुरुवात केली. छापलेल्या वाचनात आणि प्रत्यक्ष दगडावर फरक दिसला, की ते दगडावर विश्वास ठेवत. ही सवय त्यांनी पुढे आयुष्यभर सोडली नाही.

काठियावाडात त्या वेळी अलेक्झांडर किनलॉक फोर्ब्स हे अधिकारी होते. गुजरातच्या इतिहासावरचा रासमाळा हा ग्रंथ लिहिणारे ते हेच. जुनागढचा एक तरुण जुने लेख वाचतो, हे त्यांना कळलं आणि त्यांच्यामार्फत ते मुंबईतल्या एका मोठ्या माणसाच्या कानावर गेलं. तो माणूस म्हणजे डॉ. भाऊ दाजी लाड.

भाऊ दाजींचे डोळे आणि पाय

भाऊ दाजी हे मुंबईतले नामवंत डॉक्टर. पुढे ते दोनदा मुंबईचे शेरीफ झाले. भायखळ्याच्या ज्या संग्रहालयाला आज त्यांचं नाव आहे, त्याच्या उभारणीतही त्यांचा मोठा वाटा होता. दिवसा रुग्ण तपासायचे आणि उरलेल्या वेळात भारताचा प्राचीन इतिहास शोधायचा, असा त्यांचा क्रम होता. त्यांना नाणी आणि शिलालेख हवे होते, पण दवाखाना सोडून गुहा आणि डोंगर हिंडणं शक्य नव्हतं.

१८६०च्या दशकाच्या सुरुवातीला भगवानलाल मुंबईत आले आणि भाऊ दाजींसाठी काम करू लागले. काम असं होतं : जिथे लेख असेल तिथे जायचं, त्याची अचूक नकल करायची, मूर्ती आणि नाणी मिळाली तर मिळवायची, आणि सगळं घेऊन परत यायचं. अजिंठ्यासह पश्चिम भारतातल्या लेण्या त्यांनी अशा पालथ्या घातल्या. १८६०च्या दशकाच्या अखेरीस ते उत्तरेच्या मोठ्या प्रवासाला निघाले आणि काही वर्षं हिंडत राहिले. नेपाळपर्यंत गेले. वाटेत मथुरेत, १८६९ च्या सुमारास, शीतलादेवीच्या ठाण्याच्या पायरीत बसवलेला एक कोरीव दगड त्यांच्या नजरेला पडला. दोन सिंह पाठीला पाठ लावून बसलेले आणि अंगभर खरोष्ठी लिपीतली अक्षरं. मथुरेच्या शक क्षत्रपांविषयीचा हा फार महत्त्वाचा पुरावा आहे.

या काळात निबंध प्रसिद्ध होत ते भाऊ दाजींच्या नावाने. त्यामागे भगवानलाल यांनी उन्हातान्हात उभं राहून केलेल्या नकला असत. १८७४ मध्ये भाऊ दाजी गेले. पस्तिशीच्या आतबाहेर असलेल्या भगवानलाल यांचा आश्रयदाता गेला, ठरलेला आधार गेला. हातात होतं ते इतकंच : वह्यांमधल्या नकला, जमवलेली नाणी आणि वाचायची नजर.

पुढची चौदा वर्षं त्यांनी स्वतःच्या नावाने काम केलं. आज त्यांचं नाव घेतलं जातं ते या चौदा वर्षांमुळे.

आधी आकडे, मग नाणी

जुन्या लेखांत अक्षरं वाचता येऊ लागली होती, पण आकड्यांचं कोडं पूर्ण सुटलं नव्हतं. प्राचीन भारतात आजच्यासारखी शून्याची आणि स्थानाची पद्धत सुरुवातीला नव्हती. एक ते नऊला वेगळी चिन्हं, दहा, वीस, तीस यांना वेगळी, शंभराला वेगळं, हजाराला वेगळं. १२४ लिहायचं तर शंभराचं चिन्ह, विसाचं चिन्ह आणि चाराचं चिन्ह अशी तीन चिन्हं लागत.

जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांचा एक मोठा लेख आहे. राणीने केलेल्या यज्ञांची आणि त्यात दिलेल्या दक्षिणेची ती यादी आहे. गायी किती, घोडे किती, नाणी किती, असे आकडेच आकडे. भगवानलाल यांनी या आकड्यांवरचा निबंध रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. ते लिहीत गुजरातीत. जॉर्ज ब्यूलर यांच्यासारखे विद्वान ते इंग्रजीत आणत, तेव्हा ते युरोपात पोहोचत असे.

आकडे वाचता येणं म्हणजे नाण्यांवरची सालं वाचता येणं. इथूनच चांदीच्या नाण्यांची गोष्ट सुरू होते.

नखाएवढं नाणं काय सांगतं?

पहिल्या शतकापासून चौथ्या शतकाच्या अखेरीपर्यंत गुजरात, काठियावाड, माळवा आणि अधूनमधून कोकण आणि नाशिकचा पट्टा शक क्षत्रपांच्या ताब्यात होता. त्यांची चांदीची नाणी साधारण दोन ग्रॅम वजनाची असत, आज खिशात असलेल्या एक रुपयाच्या नाण्यापेक्षा हलकी. व्यास दीड सेंटिमीटरच्या आसपास.

इतक्या छोट्या जागेत माहिती मात्र भरपूर कोरलेली असे. पुढच्या बाजूला राजाचा चेहरा आणि पुढे पुढे त्या चेहऱ्यामागे शक संवतातलं साल. मागच्या बाजूला मधोमध कमानींची टेकडी, चंद्र, तारे आणि कडेने ब्राह्मी अक्षरांत राजाचं नाव. नुसतं त्याचं नाव नाही, बापाचंही नाव आणि दोघांच्या पदव्याही. अमक्या राजाचा मुलगा तमका, असा चालताबोलता दाखलाच.

याचा अर्थ असा, की ही नाणी क्रमाने लावली तर वंशावळ तयार होते. कोण कोणाचा मुलगा, कोण कोणत्या साली क्षत्रप होता आणि कोणत्या साली महाक्षत्रप झाला, हे कळतं. गादी बापाकडून थेट मुलाकडे न जाता अनेकदा एका भावाकडून दुसऱ्या भावाकडे जात होती, ही गोष्टही नाण्यांवरूनच उघड झाली. शक संवताच्या आकड्यात ७८ मिळवले की इसवी सन मिळतं. प्राचीन भारतात इतक्या सलग तारखा देणारी घराणी फार थोडी.

अडचण एकच होती. हाताने ठोकलेली ही नाणी. साच्यापेक्षा चांदीची चकती अनेकदा लहान असे, त्यामुळे साल नेमकं चकतीच्या बाहेर जाई. कधी शतक दिसतं आणि पुढचे आकडे कापलेले, तर कधी नाव अर्धं. एका नाण्यावरून काम भागत नाही. एकाच राजाची दहा, वीस, पन्नास नाणी शेजारी ठेवावी लागतात. एकावरचं अर्धं नाव आणि दुसऱ्यावरचं उरलेलं अर्धं मिळून एक राजा पुरा होतो.

म्हणून भगवानलाल नाणी जमवत राहिले. कोणतं दुर्मीळ आणि कोणतं सर्रास मिळणारं, हा भेद बाजारासाठी. वाचणाऱ्याला सर्रास मिळणारं नाणंही हवं असतं, कारण हरवलेला आकडा कदाचित त्याच्यावर असतो. सोनाराच्या मुशीत गेलेल्या प्रत्येक पिशवीबरोबर असे किती आकडे वितळले असतील, याचा हिशेब कधीच लागणार नाही.

बुरुड राजाचा कोट

मुंबईच्या उत्तरेला, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात सोपारा हे गाव होतं. आज आपण त्याला नालासोपारा म्हणतो आणि ते पालघर जिल्ह्यात येतं. लोकलच्या गर्दीसाठी प्रसिद्ध असलेलं हे ठिकाण दोन हजार वर्षांपूर्वी शूर्पारक नावाचं मोठं बंदर होतं. नाशिकच्या लेण्यांतल्या लेखांत त्याचं नाव येतं आणि ग्रीक लेखकांनीही ते नोंदवलं आहे.

मुंबई इलाख्याचं गॅझेटिअर तयार करण्याचं काम त्या वेळी जेम्स कॅम्पबेल करत होते. भगवानलाल त्यांना प्राचीन अवशेषांची माहिती देत. त्या निमित्ताने सोपाऱ्याचा नीट तपास सुरू झाला. गावाजवळ एक टेकाड होतं. लोक त्याला बुरुड राजाचा कोट म्हणत. बुरुड म्हणजे बांबूच्या टोपल्या विणणारा. असा कुणी राजा इथे होऊन गेला आणि हा त्याचा किल्ला, अशी समजूत होती. भगवानलाल यांना त्या टेकाडाचा आकार किल्ल्याचा वाटला नाही. त्यांना तो विटांच्या बौद्ध स्तूपाचा वाटला.

एप्रिल १८८२ मध्ये खोदकाम झालं. स्तूपाच्या मध्यभागी विटांची बांधीव पोकळी लागली आणि तिच्यात एक गोल दगडी पेटी. पेटी उघडली तेव्हा आत मध्यभागी तांब्याचा करंडा होता आणि त्याच्याभोवती आठ छोट्या धातूच्या मूर्ती मांडलेल्या होत्या. सात बुद्धांच्या आणि आठवी येणाऱ्या बुद्धाची, म्हणजे मैत्रेयाची. तांब्याच्या करंड्यात चांदीचा करंडा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सगळ्यात आत सोन्याचा. एकात एक पाच.

सोन्याच्या करंड्यात काय होतं? मातीच्या भांड्याच्या तेरा बारीक खापऱ्या. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून जपलेले असावेत, असं भगवानलाल यांनी मानलं. सोन्यापेक्षा माती मोलाची ठरवून ती सगळ्यात आत ठेवलेली होती.

या ऐवजात सोन्याची फुलं होती, मौल्यवान खडे होते. आणि एक चांदीचं नाणं होतं, जवळजवळ न झिजलेलं.

ते नाणं कोणाचं?

नाणं होतं गौतमीपुत्र यज्ञ सातकर्णी याचं. सातवाहन घराण्यातला हा शेवटच्या बलाढ्य राजांपैकी एक, दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातला. सातवाहनांची नाणी बहुतेक शिसं, तांबं आणि पोटीन नावाच्या मिश्रधातूची. राजाचा चेहरा असलेली त्यांची चांदीची नाणी अगदी मोजकी.

हे नाणं दिसायला क्षत्रपांच्या नाण्यांसारखंच आहे. तेच वजन, तशीच ठेवण, पुढे राजाचा चेहरा. कारण उघड आहे. पश्चिम किनाऱ्यावर व्यापाऱ्यांच्या हाताला क्षत्रपांच्या चांदीची सवय झाली होती. प्रदेश जिंकला तरी बाजाराला ओळखीचं नाणंच द्यावं लागतं.

मागच्या बाजूला सातवाहनांची स्वतःची चिन्हं होती आणि त्याभोवती अशी अक्षरं, ज्यांची भाषा पुढच्या बाजूच्या प्राकृतपेक्षा वेगळी होती. त्या मजकुराचा अर्थ लावताना भगवानलाल आणि त्यांच्या काळचे इतर विद्वान यांच्यात एकमत झालं नाही. तशी आणखी नाणी मिळत गेली तसं वाचन सुधारलं. ही मागची भाषा दक्षिणेकडची, द्राविडी वळणाची आहे, असं आता मानलं जातं. एका बाजूला प्राकृत आणि दुसऱ्या बाजूला दक्षिणी भाषा, असं दोन भाषांचं नाणं सोपाऱ्याच्या स्तूपात मिळालं होतं. आधीचं वाचन पुढे दुरुस्त होऊ शकलं, कारण नाणं जागेवर होतं. वितळलेल्या नाण्याचं वाचन कुणी दुरुस्त करू शकत नाही.

आणखी एक गोष्ट. नाणं दुसऱ्या शतकातलं, मग स्तूपातलं सगळंच दुसऱ्या शतकातलं का? तसं नाही. आठ मूर्तींची घडण पाहून अभ्यासक त्यांना आठव्या-नवव्या शतकातल्या मानतात. म्हणजे स्तूप मधल्या काळात कधीतरी उघडून मूर्ती आत ठेवल्या गेल्या आणि पेटी पुन्हा बंद झाली असावी. नाणं इतकंच सांगतं, की ते पाडलं जाण्याच्या आधी ते तिथे ठेवलं गेलं नाही. पुढचं आजूबाजूच्या वस्तू सांगतात. हेच नाणं एकटं बाजारात आलं असतं, तर ते फक्त यज्ञ सातकर्णीचं एक दुर्मीळ नाणं ठरलं असतं. करंडे, मूर्ती आणि खापऱ्यांसह मिळाल्यामुळे ते एका बंदराच्या, एका धर्माच्या आणि शेकडो वर्षांच्या श्रद्धेच्या इतिहासाचा भाग झालं.

त्याच वर्षी सोपाऱ्यातच भगवानलाल यांना अशोकाच्या आठव्या धर्माज्ञेचा कोरीव तुकडाही मिळाला. ज्या मुलाने गिरनारला अशोकाची अक्षरं गिरवली होती, त्यालाच चाळिशीनंतर कोकण किनाऱ्यावर पुन्हा अशोक भेटला. तो दगड आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. सोपाऱ्याच्या पेटीतला ऐवज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे.

नाव झालं, आयुष्य थोडं राहिलं

सोपाऱ्याचा अहवाल १८८२ मध्येच प्रसिद्ध झाला. गॅझेटिअरसाठी त्यांनी नाशिकच्या पांडवलेण्यांवर सविस्तर लिहिलं. त्या लेण्यांत नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. त्यात चांदीच्या नाण्यांचा, म्हणजे कार्षापणांचा, चोख हिशेब आहे. त्याने ३००० कार्षापण कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. २००० वर महिना शेकडा एक व्याज, १००० वर महिना शेकडा पाऊण. त्या व्याजातून भिक्षूंचा खर्च चालायचा. दुसऱ्या एका दानात ३५ कार्षापणांचं एक सुवर्ण या दराने ७०,००० कार्षापण म्हणजे २००० सुवर्ण, असा हिशेबही कोरला आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या महाराष्ट्रातली मुदत ठेव आणि चांदी-सोन्याचा भाव एकाच भिंतीवर वाचायला मिळतो.

ओडिशातल्या उदयगिरीच्या हाथीगुंफा लेखावर त्यांचा निबंध १८८५ मध्ये आला. कलिंगचा राजा खारवेल याचं नाव त्यात बरोबर वाचलं गेलं. हॉलंडच्या लायडन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. इंग्रजी शाळा न शिकलेला जुनागढचा पंडित आता डॉ. भगवानलाल इंद्रजी झाला.

पण घरात पैसा आला नाही. ते वाळकेश्वरला राहत आणि जे मिळे ते प्रवासात आणि संग्रहात जाई. मनात मोठं काम होतं ते क्षत्रपांच्या नाण्यांवरचं. १६ मार्च १८८८ रोजी, पन्नाशीही गाठायच्या आधी, त्यांचं निधन झालं. तो निबंध तेव्हा पूर्ण झालेला नव्हता. त्यांच्या टिपणांवरून एडवर्ड रॅप्सन यांनी तो संपादित केला आणि १८९० मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात तो छापून आला.

आपली नाणी आणि कोरीव दगड त्यांनी मृत्युपत्राने ब्रिटिश म्युझियमला दिले. मथुरेचा सिंहांचा दगडही तिकडे गेला. हस्तलिखितं मात्र मुंबईत, एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेकडे राहिली. भाऊ दाजींचा हस्तलिखितांचा संग्रहही तिथेच आहे.

नाणी लंडनला गेली याची हळहळ वाटणं स्वाभाविक आहे. पण संग्रह फुटला नाही, हेही तितकंच खरं. १९०८ मध्ये रॅप्सन यांनी ब्रिटिश म्युझियममधल्या सातवाहन आणि क्षत्रप नाण्यांची सूची छापली आणि या विषयाचा तो पाया ठरला. त्या पायात भगवानलाल यांनी एकेक करून जमवलेली नाणी आहेत.

जोगलटेंभीचा हंडा

त्यांच्या मृत्यूनंतर १८ वर्षांनी, १९०६ मध्ये, नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभी इथे चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा निघाला. १३,२५० हून अधिक नाणी. सगळी मुळात नहपान क्षत्रपाची. त्यातल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर, म्हणजे सुमारे दोन तृतीयांशांवर, गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःची चिन्हं पुन्हा ठोकली होती. नहपानाच्या चेहऱ्यावरच सातवाहनांची टेकडी उमटलेली.

नाशिकच्या लेण्यात गौतमीपुत्राची आई बलश्री हिचा लेख आहे. आपल्या मुलाने क्षहरातांचा वंश निपटून काढला, असं ती त्यात सांगते. नहपान हा क्षहरातच. भगवानलाल यांच्यासारख्यांनी तो लेख वाचून ठेवला होता, पण आईने मुलाची केलेली स्तुती किती खरी धरायची? जोगलटेंभीच्या नाण्यांनी त्याचं उत्तर दिलं. हरलेल्या राजाचा पैसा जिंकलेल्या राजाने आपला शिक्का मारून चालवला होता.

हे उत्तर मिळालं ते साठा एकत्र तपासला गेला म्हणून. त्यातली दहा-वीस नाणी सुटी मिळाली असती, तर दोन तृतीयांश हे प्रमाण कुणाला कळलंच नसतं.

आज तुम्हाला असं नाणं सापडलं तर?

१८७८ साली इंग्रज सरकारने भूमिगत धनाचा कायदा केला. सोपाऱ्याचं खोदकाम झालं तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि तो आजही लागू आहे. जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ऐवज सापडला, तर त्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. नवी मुंबईत ऐरोली ते बेलापूर हा भाग ठाणे जिल्ह्यात येतो, तर खारघर, पनवेल, उलवे हा रायगडमध्ये. त्यानुसार त्या त्या जिल्हाधिकाऱ्यांकडे जायचं. ऐवज लपवला तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं आणि वाटाही जातो.

खबर दिली तर सगळं हातचं जातं, हा मात्र गैरसमज आहे. मालक सापडला नाही आणि वेगळा करार नसेल, तर कायद्याने सापडवणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जमीनमालकाला एक चतुर्थांश वाटा मिळतो. सरकारला ऐवज ठेवून घ्यायचा असेल, तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा लागतो. संरक्षित स्मारकाच्या जागेत मात्र परवान्याशिवाय खणताच येत नाही. नालासोपाऱ्याचा स्तूपही त्यात आला. शिवाय १९७२ च्या पुरावशेष कायद्यामुळे शंभर वर्षांहून जुनं नाणं खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. भगवानलाल यांचं मृत्युपत्र आज अमलात आलंच नसतं.

आणि नाणं जपायचं कसं? सगळ्यात मोठी चूक होते ती पहिल्या दहा मिनिटांत. नाणं काळं दिसलं की लोक चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट घेऊन घासायला बसतात. चांदीवरचा काळा थर हवेतल्या गंधकामुळे येतो. खाडीकाठच्या खारट मातीत चांदीवर क्षाराचा थरही बसतो आणि खालची चांदी ठिसूळ होते. घासलं की थराबरोबर अक्षरंही जातात. दोन ग्रॅमच्या क्षत्रप नाण्यावरचा सालाचा आकडा केसाएवढ्या उंचीचा असतो, तो एकदा गेला की गेला. झिजलेल्या चांदीचं वजनही कमी होतं, आणि वजन हाही पुरावाच असतो.

म्हणून काही साध्या गोष्टी :

- नाणं कडेने धरा, घासू नका, कशातही बुडवू नका.
- जिथे सापडलं तिथला फोटो काढा. किती खोल होतं, शेजारी खापर, वीट, हाड, मणी काय होतं, तेही टिपा.
- एकाहून जास्त नाणी असतील तर वाटून घेऊ नका. ती ज्या भांड्यात सापडली ते फुटकं असलं तरी ठेवा.
- साध्या मऊ प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नका, त्यातून सुटणारी रसायनं धातू खातात. कोरड्या आम्लमुक्त कागदात प्रत्येक नाणं वेगळं गुंडाळा. मुंबईच्या दमट हवेत सोबत सिलिका जेलची पुडी हवीच.
- साफसफाई संग्रहालयातल्या जाणकारांवर सोडा.

जुनी नाणी जवळून बघायची असतील तर मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नाण्यांचं दालन आहे. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्र संशोधनाची संस्था आणि तिचं संग्रहालय आहे. नाशिकला गेलातच तर पांडवलेण्यांत बलश्रीचा आणि उषवदाताचा लेख चुकवू नका. आणि पुढच्या वेळी विरारची लोकल नालासोपाऱ्याला थांबली, की लक्षात असू द्या : स्टेशनच्या पश्चिमेला थोड्याच अंतरावर बुरुड राजाचा कोट अजून उभा आहे.